थडथडीचं स्मारक

कोंडीवाडीचा ट्रान्सफॉर्मर जळाला तो सोमवार, आणि थडथडीच्या स्मारकासाठी मुंबईकर मंडळाने धाडलेल्या सिमेंटच्या गोणी देवळाशी उतरल्या तोही सोमवारच. वाडीला काय हवं ते वाडीच्या आधी मुंबईला कळतं, ही संगमेश्वर तालुक्यातली जुनी सोय आहे. पाणी बंद पडलं, सिमेंट पोचलं.

थडथडी म्हणजे पाण्याचं जुनं इंजिन. पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की रॉकेलवर सोडायचं. पन्नास वर्षांपूर्वी वाडीने ते वर्गणी काढून आणलं. चार माणसांनी उचलावं एवढंच, पण पऱ्यावर, म्हणजे वाडीखालच्या ओढ्यावर, लावलं की वर सड्याच्या माळावर चरणारी गुरं माना वळवायची. वीस उन्हाळे हरिश्चंद्र धनावडेने ते चालवलं आणि पाळीपाळीने साऱ्या वाडीच्या भाजीला पाणी पाजलं. मग वीज आली, तिच्यामागून विजेचा पंप आला, आणि थडथडीची रवानगी वाघजाईच्या देवळातल्या कोपऱ्यात झाली. तिथे दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची. राबत होती तोवर तिला लाथा बसल्या, काम सुटल्यावर हार पडू लागले. हरिश्चंद्र आता सत्तरीला टेकला होता, पण त्याला मात्र अजून कोणी हार घातला नव्हता.

सोमवारी दुपारीच मैना त्याच्या पडवीत येऊन बसली. नवरा गेल्यापासून पऱ्याकाठच्या चाळीस वाफ्यांवर तिचं घर चालायचं. मिरची, वाली, थोडी कलिंगडं.

"तात्या, पऱ्यात कमरंएवढं पानी हाय नि माजी मिरची उभी वाळनार. वीजवाल्यांना फोन केलांव. म्हनतात, पुढच्या आठवड्यात बगू. तवर चुलीत घालायची काय मी ती?"

"कळशीनं घाल गो थोडं थोडं," आतून कमळा, हरिश्चंद्राची बायको, म्हणाली.

"चाळीस वाफं, वैनी! माजी कंबार काय लोखंडाची हाय? चार-पाच दिस धरंल कशीतरी. रविवार काय गाठत नाय."

हरिश्चंद्र सुपारी कातरत होता. कातरता कातरता थांबला.

"थडथडी हाय की," तो म्हणाला.

दोघी हसल्या. तो हसला नाही, तेव्हा कमळाने कपाळावर हात मारून घेतला.

देवळाशी गवंड्याने चिऱ्याचा चबुतरा निम्मा बांधत आणला होता. त्यावर थडथडी ठेवायची, पाय सिमेंटमध्ये गाडायचे, पुढे एकतीस वर्गणीदारांच्या नावांची पाटी लावायची आणि बाजूला फोटो काढायला जागा सोडायची, असा मंडळाचा ठराव होता. मंडळाचे अध्यक्ष बाबू गोताड डोंबिवलीत राहतात. वाडीत त्यांना बाब्या म्हणतात, डोंबिवलीत बाबूसाहेब. त्याच संध्याकाळी सगळे देवळात जमले आणि भागोजी गुरवाच्या मोबाइलवर त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

"तात्या, इंजिनाला हात लावायचा नाही. रविवारी पाहुणे येतायत. ड्रोनवालापण सांगितलाय."

"अरे बाबू, चार दिस पानी काढतांव नि मंग बसव की तुज्या चबुतऱ्यावर. तो काय पळून जातो?"

"हेरिटेज आहे ते. हेरिटेज चालवत नाहीत, जपतात."

"वीस वर्सं मी चालवून जपली. तुमी तीस वर्सं न चालवता गंजवलीत. आता सिमेंटात घालून काय मोक्ष देतोस तिला?"

बाबूसाहेब ठरावाचा नंबर वाचून दाखवू लागले. मैना मधेच म्हणाली, "माज्या मिरचीला वाचून दाखव तो, बगू हिरवी व्हते काय." तिच्या आवाजात रडू होतं आणि ते सगळ्यांनी ऐकलं. मग भागोजी खाकरला.

"थडथडी देवळात हाय म्हंजे देवीच्या पदरात हाय. देवीला इचारू."

यावर मंडळाचं काही चालेना. ठराव कितीही झाले तरी वाघजाई काही मंडळाची सभासद नव्हती. भागोजीने पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, उजवी पडली तर इंजिन हरिश्चंद्राकडे, डावी पडली तर चबुतऱ्यावर. उजवी पाकळी सुटून खाली पडली, आणि नेमकी त्याच घटकेला रेंज गेली. पुन्हा आली तेव्हा बाबूसाहेब म्हणाले, "मला दिसलं नाही. परत लावा."

"देवीनं कौल दिलान म्हंजे दिलान," भागोजी म्हणाला. "तिला रिचार्ज लागत नाय." आणि त्याने फोन खिशात टाकला.

मंगळवारी थडथडी हरिश्चंद्राच्या पडवीत आली. पिस्टन जाम होता. त्याने प्लग काढून सिलिंडरात डिझेल ओतलं, दीड दिवस तसंच मुरू दिलं, मग चाकाला लाकडाची फळी लावून जरा जरा हलवत बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी ते फिरवलं. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट पॉलिश पेपरने घासले. प्लग लोखंडाला टेकवून चाक फिरवलं तर निळी ठिणगी पडली. तीस वर्षांनी! म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. कमळाने विचारलं तेव्हा डिझेल उडालं म्हणाला.

पण चालू होईना. गुरुवारभर दोरी गुंडाळून ओढली. खांदा सुजला. पेट्रोल सिलिंडरापर्यंत पोचतच नव्हतं.

"जरा दम खावा," कमळा म्हणाली. "न्हायतर रविवारी तुमालाच चबुतऱ्यावर ठेवतील. पाय तेवढे सिमेंटात घातले की झालं."

तेव्हा त्याने कार्बोरेटर उतरवला आणि त्याच्या हवा ओढायच्या तोंडात बोट घातलं. बोट आत जाईना. खिळ्याने उकरलं तर काळा, चिकट, दगडासारखा गोळा. त्यात तांदूळ, कुंकू, खोबरं, आणि बाकी सगळा गूळ.

हरिश्चंद्र बायकोकडे बघत राहिला. कमळा पदराचं टोक चाचपू लागली.

"तोंड दिसत हुतं," ती म्हणाली. "नैवेद दावायचा तर तो कुटं दावनार? समदी वाडी तितंच घालायची."

"अगो, इंजिन हाय ते! त्याला पोट हाय काय?"

"नि तुमी? दर दसऱ्याला माज्या बाजूला हात जोडून कोन हुबा ऱ्हायचा? तवा का नाय बोललात?"

तो खरंच उभा राहायचा, पण डोळे मिटून. जिचा एकेक नट आपल्या हाताने आवळला, तिला अशी हळदीने माखून बसलेली बघवत नसे. गावाला वाटायचं, हरी केवढा भक्तिभावाने डोळे मिटतो. एकदा जरी उघडले असते तर तीस वर्षांचा गूळ दिसला असता. त्याला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारभर तो पेट्रोलमध्ये फडकं बुडवून ते भोक घासत बसला. गोळ्यावर काही परिणाम नाही. मैनेने येऊन सांगितलं की कडेच्या वाफ्यांनी माना टाकल्या, बाकीचे ती कळशी कळशीने कसेबसे धरून होती. शेवटी कमळाच उठली, तिने कार्बोरेटर त्याच्या हातातून काढून घेतला आणि चुलीवरच्या कढत पाण्याच्या टोपात टाकला.

"गूळ पेटरोलनं जातो काय कदी? काकवीचं भांडं मी काय पेटरोलनं घासतां?"

अर्ध्या तासात पाणी काळं झालं आणि भोक मोकळं. वीस वर्षं इंजिन चालवलेल्या मेकॅनिकने मान खाली घालून ते शनिवारी उन्हात वाळवलं, फुंकलं आणि परत बसवलं.

रविवारी सकाळी थडथडीला चबुतऱ्यावर चढवायला मंडळाने चार गडी सांगितले होते. त्याच चौघांनी भागोजीच्या सांगण्यावरून तिला पऱ्यावर नेलं. पाइप जोडला. रॉकेल हल्ली बघायलाही मिळत नाही, म्हणून टाकीत नुसतं पेट्रोल. पहिल्या ओढीला काही नाही. दुसरीला ती खोकली. पाचव्या ओढीला भडका, काळा धूर, जळलेल्या गुळाचा वास, आणि मग थड, थड, थडथडथड! पाइपाच्या तोंडातून आधी गंज आला, मग गढूळ आणि मग स्वच्छ पाणी. मैना पाण्यामागून फावडं घेऊन धावली. कमळा तर सरळ रडायलाच लागली, आणि डिझेल उडाल्याचं खोटंही बोलली नाही.

दहाच्या सुमारास बाबूसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. चबुतरा रिकामा, पाटी झाकलेली. आवाजाच्या रोखाने सगळा लवाजमा इस्त्रीच्या कपड्यांत पऱ्यावर उतरला. ड्रोनही आला. बाबूसाहेब हरिश्चंद्राच्या कानाशी ओरडले, "पाच मिनिटं बंद करा, तात्या! भाषण आहे!"

हरिश्चंद्राने वाफ्यांकडे बघितलं. मैनेने लांबून हात वर करून सहा बोटं दाखवली. सहा वाफे बाकी होते.

"बंद करतांव! पन परत चालू व्हईल याची ग्यारंटी तू दे! तसा ठराव कर!"

बाबूसाहेबांनी घड्याळ बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं आणि खिशातून चार पानं काढून ते तसंच वाचू लागले. अध्यक्षाच्या हातात भाषण आलं की ऐकू जाणं न जाणं गौण असतं. त्यांचे ओठ हलत होते, हात वर जात होता. हरिश्चंद्राने हलकेच वेग थोडा वाढवला. पाहुणे गंभीर चेहऱ्याने माना डोलवत होते. पहिलं पान संपलं तेव्हा दोन वाफे भिजले होते, तिसरं संपलं तेव्हा पाच. चौथं अर्ध्यावर आलं आणि मैनेने दोन्ही हात वर केले.

हरिश्चंद्राने इंजिन बंद केलं. अचानक सगळीकडे शांत झालं, आणि त्या शांततेत बाबूसाहेबांचं वाचन पहिल्यांदा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"...हे इंजिन आता पुन्हा कधीच सुरू होणार नाही, म्हणूनच मंडळाने..."

ते थांबले. कागदाकडे बघितलं, थडथडीकडे बघितलं. पाइपातून उरलेलं पाणी ठिबकत होतं. कोणीतरी पाहुण्याने सवयीने टाळ्या वाजवल्या.

हरिश्चंद्राने दोरी चाकाला गुंडाळायला घेतली आणि काठावर जमलेल्या वाडीला विचारलं, "सांजची पाळी कोनाची?"

सात हात वर झाले.