तात्पुरता पाइप

मिस्त्री पोचले तेव्हा विहीणबाईंनी नातवाची बॅग भरून दाराशी ठेवली होती. महिन्यात तिसऱ्यांदा जुलाब, दोनदा दवाखाना.

"माझ्या थोरलीकडे राहू दे त्याला," त्या म्हणाल्या. "तुमच्या लेकीला स्वच्छता कशाशी खातात ते कळेपर्यंत. चारला गाडी येईल."

साडेतीन वाजले होते. लेकीच्या सासरी बापाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मिस्त्री लेकीला भेटायला तळघरात उतरले.

लेक बेसिनपाशी बाळाची घाण झालेली दुपटी धूत होती. हात सोलून निघालेले. "बाबा, दिवसातून तीनदा धुते. साबण, गरम पाणी, सगळं. आणखी काय करू?"

तिने बेसिनचं बूच काढलं, आणि जरा वेळाने कोपऱ्यातला पंप घुरघुरला.

मिस्त्री दचकले. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता, मग हा पंप चालतोच कसा?

या घराचं प्लंबिंग त्यांनीच केलेलं. तळघरात दोन खड्डे. एकात जमिनीतून पाझरणारं पाणी साठायचं, ते हा छोटा पंप बागेत फेकायचा. झाकण नुसतं ठेवलेलं. दुसरा खड्डा संडास-मोरीचा. त्याचा पंप दांडगा, मैल्यासकट सगळं गटारात ढकलणारा. झाकण बोल्टांनी आवळून हवाबंद केलेलं. त्याला भोक पाडून पुन्हा आवळायचं म्हणजे अर्धा दिवस मोडला असता. बेसिन आयत्या वेळी ठरलं, म्हणून त्याचा पाइप मिस्त्रींनी पहिल्या खड्ड्यात सोडला होता. तात्पुरता. तो बदलायचा राहूनच गेला. लोकांच्या घरी असलं काम दिसलं की ते त्या प्लंबरच्या सात पिढ्या उद्धरायचे.

फळीवरची नीळ बेसिनमध्ये ओतून त्यांनी नळ पूर्ण सोडला आणि ते बागेत धावले.

हिरवळीच्या कडेला पाइपाच्या तोंडाशी चिखल होता. त्यात बाळाची बादली आणि फावडं. पाइप खाकरला. आधी गढूळ पाणी आलं, मग निळं.

बागेत कुणी नव्हतं. पावणेचार. पाइप उद्या गुपचूप बदलता आला असता. बाळ बरं झालं असतं, मिस्त्रींचं नाव राहिलं असतं, आणि लेक जन्मभर घाणेरडी ठरली असती. हा विचार आपल्या मनात आलाच कसा, याची त्यांना शिसारी आली.

"विहीणबाई!" ते ओरडले. "बाहेर या. आधी बाहेर या!"

त्या बाळाला कडेवर घेऊन आल्या. मिस्त्रींनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. "दुपट्यांचं पाणी इथे येतंय. चूक माझी आहे. पोरीचा काही दोष नाही."

विहीणबाई निळ्या चिखलाकडे बघत राहिल्या. मग मागे वळल्या. पायरीवर लेक उभी होती, हातांना फेस तसाच. तिने सगळं ऐकलं होतं.

विहीणबाईंनी बाळ तिच्या हातात दिलं. लेकीने त्याला घट्ट धरलं, पण ती बघत होती बापाकडे.

"दुपटी धुवून झाली की मी त्याला इथेच आणून बसवायचे, बाबा," ती म्हणाली. "रोज."