मिठाचा ग्रह, भाग सहावा

मित्रांनो, मी एक जुना कॅसेट रेकॉर्डर आहे. माझं झाकण पिवळं पडलंय, आणि लाल बटणावरचा रंग एका मुलीच्या बोटाने कधीच घासून गेलाय. त्या मुलीचीच गोष्ट मी सांगणार आहे, कारण तिला वगळून माझी अशी वेगळी गोष्ट नाही.

कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी गप्पा मारत मला जोडलं. तिथून खोक्यात बसून मी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ग्रिम्सबी बंदरात आलो. विल्फ नावाचे गृहस्थ तिथे मासळीच्या धक्क्यावर काम करायचे, पहाटेच्या गारठ्यात बोटींतून मासळी उतरवायचे. आपल्या मुलीच्या, ग्लिनिसच्या, वाढदिवसाला त्यांनी मला घरी आणलं. खोकं उघडायच्या आधीच त्याला मासळीचा वास लागला होता.

ग्लिनिसला एका मालिकेचं भारी वेड. तिचं नाव 'नाइट फेरी'. ताऱ्यांमधून उतारू नेणारी एक बोट आणि तिचा तऱ्हेवाईक कप्तान. दर शनिवारी संध्याकाळच्या खाण्याच्या वेळी ती टीव्हीवर लागायची. एकेक कथा कित्येक आठवडे चालायची, आणि एकदा दाखवलेली सहसा पुन्हा दिसायची नाही. घरी चित्र साठवून ठेवायची सोय तेव्हा नव्हतीच, म्हणून तिच्यासारखी पोरं निदान आवाज तरी साठवायची. टीव्हीपुढे उशी, उशीवर माझा मायक्रोफोन, आणि मग घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. ग्लिनिस घड्याळ उचलून जिन्यात ठेवायची आणि पोपटाच्या पिंजऱ्यावर टॉवेल टाकायची. आईची, डोरीनबाईंची, कपबशी वाजली तर डोळे वटारायची.

सगळं घर गप्प व्हायचं. विल्फ तेवढे होत नसत.

त्या वर्षी 'मिठाचा ग्रह' लागली. त्यातल्या राक्षसांच्या अंगावर मासेमारीचं जाळं होतं आणि डोक्यावर फरशी पुसायचे मॉप. पहिला राक्षस दिसला तेव्हा विल्फना हसताहसता ठसका लागला.

"अगं डोरीन, धावत ये, तुझा मॉप टीव्हीवर आलाय."

ते सगळं माझ्यात भरलं गेलं. कप्तान मरणाच्या दारात उभा, आणि मागून विल्फ सांगताहेत, "गाठ चुकलीय रे बाबा. असल्या जाळ्यातून मेलेला मासासुद्धा निसटेल." ग्लिनिस रडकुंडीला आली. दर शनिवारी ते शपथ घ्यायचे, तोंडावर हात दाबून बसायचे, आणि मॉप दिसला की सगळी शपथ वाऱ्यावर. ग्लिनिसने आठवडाभर अबोला धरून पाहिला. त्याने फरक एवढाच पडला की ते मॉप दिसायच्या आधीपासूनच हसू लागले.

सहावा भाग शेवटचा होता. त्या दिवशी ती म्हणाली, "डॅड, आज तुम्ही स्वयंपाकघरात बसा. दार लावून."

विल्फनी चिप्सची ताटली उचलली आणि गेले. जाताना त्यांनी दार अगदी हळू ओढलं, आवाज होऊ नये म्हणून.

तो भाग निर्मळ उतरला. पुढे ग्लिनिस मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळात जाऊ लागली. तिथे 'मिठाचा ग्रह'वरून दोन तट होते. निम्मे म्हणायचे, मालिकेच्या इतिहासातली सगळ्यात टाकाऊ कथा. निम्मे म्हणायचे, तुम्हाला काही कळत नाही. टाकाऊ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा होता, आणि ग्लिनिस त्या वयात मोठ्या आवाजाच्या बाजूला होती. कोरी कॅसेट हाताशी नसेल तेव्हा, असं एकेक करत, तिने ते पहिले पाचही भाग पुसले आणि त्यांवर नव्या कथा भरल्या. विल्फ तेव्हा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. ज्या आवाजाचा धनी समोर बसलाय तो आवाज जपून ठेवावा, असं कुणाच्या मनात येतं? सहावा भाग स्वच्छ होता म्हणून वाचला.

पुढच्या जानेवारीत धक्क्यावर पाणी गोठलं होतं. विल्फ घसरून पडले ते उठलेच नाहीत.

अंत्यविधीनंतर ग्लिनिसने त्या सगळ्या कॅसेटी माझ्यात घालून अथपासून इतिपर्यंत ऐकल्या. कुठेतरी हसण्याचा एखादा तुकडा उरला असेल, अशी तिला आशा होती. काही उरलं नव्हतं. पुसताना मी मागे काही ठेवत नाही, याबद्दल पूर्वी माझं कौतुक व्हायचं. सहावी कॅसेट तिने घातलीच नाही. त्यात ते नाहीत हे तिला ठाऊक होतं. तिनेच तर त्यांना बाहेर बसवलं होतं. मग मी पोटमाळ्यावर गेलो आणि कित्येक वर्षं तिथे धूळ खात पडलो.

मंडळ मात्र तिने सोडलं नाही. तिथे क्लाइव्ह नावाचा चष्मेवाला मित्र होता, 'मिठाचा ग्रह'चा कट्टर कैवारी. पबच्या वरच्या खोलीत दोघं पार म्हातारे होईपर्यंत भांडले. तो म्हणायचा, मॉपकडे काय बघतेस, त्या मुक्या राक्षसांचं दुःख बघ. ती म्हणायची, मॉप तो मॉप, आणि पेले भरून आणायला खाली निघून जायची. ती कथा तिला का सोसत नव्हती, हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

एक दिवस क्लाइव्हच तिच्या घरी आला. टीव्हीवाल्यांनी ती कथा केव्हाच पुसून टाकली होती. आता मंडळ लोकांनी घरी भरलेल्या आवाजांवरून ती पुन्हा उभी करत होतं. पाच भाग कुठून कुठून मिळाले होते, सहावा कुठेच नव्हता.

"माझ्याकडे आहे," ग्लिनिस म्हणाली. तिची मान खाली होती.

क्लाइव्हला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्यावरच ती सर्वांत चांगली वाजते, म्हणून मला पोटमाळ्यावरून उतरवलं. त्याने माझा झिजलेला पट्टा बदलला, आणि आधी आपल्या लॅपटॉपवर पहिले पाच भाग लावले. दुसऱ्या कुणाच्या तरी घरचे, स्वच्छ. राक्षस आला आणि मागे कुणी हसलं नाही. ग्लिनिसचा चहा हातातच निवला.

"इथे," ती एकदा म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "आणि इथे."

क्लाइव्हला वाटलं, तिला कथा आवडायला लागली.

मग त्याने सहावी कॅसेट माझ्यात घातली. मी जीव मुठीत धरून वाजलो. "काय सुरेख भरलीयस गं," क्लाइव्ह पुटपुटला. "घरात कुणी नव्हतंच जणू." कथा संपली, शेवटचं संगीत वाजून थांबलं. आणि मग माझ्यातून दार करकरल्याचा आवाज आला. मागोमाग एक दबका, मोठ्या माणसाचा आवाज.

"झालं का गं पोरी? येऊ आता आत?"

आणि खट्. टेप कोरी.

"तेवढं शेवटचं कापून टाकतो," क्लाइव्ह म्हणाला, आणि मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

"माझे डॅड," ग्लिनिस म्हणाली. "मी उत्तर नाही दिलं, क्लाइव्ह. बटण दाबलं आणि कॅसेटवर नाव लिहीत बसले. ते दारातच उभे होते."

क्लाइव्हने चष्मा काढून पुसला. तू म्हणशील तर ठेवतो, म्हणाला.

"नको, काप. ते मला विचारलंय."

कथा बाजारात आली. मंडळात पुन्हा दोन तट पडले, आणि या खेपेला ग्लिनिस गप्प राहिली.

मित्रांनो, मी आता तिच्या खाण्याच्या टेबलावर असतो. मी काही फार दिवसांचा सोबती नाही, आणि कॅसेटची फीतही पातळ झालीय. घरातलं माणूस मोठ्याने हसलं, मध्येच बोललं, तुमचा खेळ बिघडवला, तर बिघडू द्या. त्याला दाराबाहेर बसवू नका. मी आवाज सांभाळू शकतो, पण तुमचं उत्तर त्याच्यापर्यंत नेता येत नाही मला.

शनिवारी संध्याकाळी ग्लिनिस दोन ताटल्या मांडते, स्वयंपाकघराचं दार उघडून ठेवते आणि कॅसेट शेवटापाशी आणून माझं बटण दाबते. विल्फ विचारतात.

"या ना, डॅड," ती म्हणते. "आत या."

तोवर माझ्यात खट् झालेलं असतं.