गाडी कोण चालवत होतं?

अबू साहिर आमच्या इर्बिद शहरातल्या प्रयोगशाळेत आले ते मुळी आम्हाला खोटं पाडायला. मआनहून अकबा बंदरापर्यंत फॉस्फेटचा ट्रेलर हाकण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. जागरण झालेल्या ड्रायव्हरांना पेंग कशी येते हे आम्ही मोजतो, असं कुणीतरी सांगितलं, तशी बायकोला घेऊन थेट दारात हजर.

“नुसैबा तूच ना? लाव तुझी मशिनं. मला पेंग येतच नाही, पोरी. तोंडात सूर्यफुलाच्या बिया असल्या की झालं. जबडा चालू असलेला माणूस झोपेल कसा?”

“हा माणूस जेवताजेवता घोरतो,” त्यांच्या बायको उम्म साहिर म्हणाल्या.

“तू गप गं.”

रात्रभर आमच्या माणसांनी त्यांना जागं ठेवलं. सकाळी मी त्यांच्या डोक्याला तारा चिकटवल्या, समोर कॅमेरा लावला आणि त्यांना आमच्या लुटुपुटूच्या गाडीत बसवलं. स्टिअरिंग खरं, ब्रेक खरे; रस्ता तेवढा पडद्यावरचा. बियांची पुडी हाताशी. काचेअलीकडे मी आणि उम्म साहिर.

बराच वेळ गाडी सुतासारखी सरळ चालली. मग मेंदूच्या लाटा एकाएकी संथ झाल्या. पापण्या मिटल्या. गाडी सावकाश पांढरा पट्टा ओलांडून समोरून येणाऱ्या टँकरकडे सरकू लागली. आणि जबडा? तो चालूच! कट, कट. सालं ओठांवर येत होती. मी खुर्चीतून उठलेच. असलं काही मी आजवर पाहिलं नव्हतं.

टँकर अगदी घासून गेला. त्यांनी डोळे उघडले, गाडी सरळ केली, पुढची बी फोडली.

बाहेर आले ते ऐटीत. “बघितलंस? एकदा तरी डोळा लागला?”

मी चित्रण लावलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा बघितलं. एव्हाना टोमणा यायला हवा होता, पण उम्म साहिरनी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“तेवढा वेळ गाडी कोण चालवत होतं?” अबू साहिरनी विचारलं.

“कुणीच नाही, काका.”

“पण मला आतून कळायला नको?”

“मेंदूच झोपला तर कळणार कुणाला? म्हणून तर आम्ही बाहेरून मोजतो.”

मग प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. कडक कॉफी? “थोडा वेळ.” खिडकी उघडली तर? “वारा लागेल.” शेवटी म्हणाले, “जरा पडतो. मग पुन्हा मोज.” डुलकी काढून बसले, तर गाडी बरीच सरळ गेली, शेवटी मात्र पापण्या पुन्हा जड झाल्या. ते बघून ते हिरमुसतील असं मला वाटलं होतं. उलट तारांच्या खुणा कपाळावर घेऊन ते पडद्यावरच्या आलेखात डोकं घालून बसले. “हे बघ, इथून खाली यायला लागलो!”

उम्म साहिरनी त्यांच्या गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि नवऱ्याला बसनं घरी नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“काय करून ठेवलंस गं? रस्ताभर आरशात ड्रायव्हरचे डोळे बघत बसले. कत्राना गाव यायच्या आधी उठून त्याला म्हणाले, ‘बाळा, तू झोपलायस.’ तो म्हणे, ‘चाचा, मी तुमच्याशी बोलतोय ना!’ तर हे म्हणतात, ‘मीही बिया खात होतो.’”

“मग?”

“मग काय, बस थांबवायला लावली. लोक शिव्या घालत होते. पण तो पोरगा स्टिअरिंगवर डोकं टेकताक्षणी घोरायला लागला, तेव्हा सगळे गप्प.”