एका पॅचमध्ये एकच काम

ऋतिकाच्या पोटात दुखायला लागलं ते व्हॅलेन्सियाच्या पहिल्याच पॅचपासून.

'भरती' हे समुद्राच्या भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं फुकटचं अ‍ॅप. त्याचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही दुरुस्ती करून पाठवावी, तिला पॅच म्हणायचं, आणि नियमात बसली तरच ती आत घ्यायची. हे नियम ऋतिकाने लिहिले होते, दिंडोशीच्या घरात ओट्याच्या कडेला लॅपटॉप टेकवून, आणि आलेले पॅच आधी तपासायचीही तीच. एका पॅचमध्ये एकच काम. काय बदललं ते दिसतंच, का बदललं ते लिहा. बदल नीट चालतो हे दाखवणारी चाचणी जोडा. अ‍ॅप सुरू करणारे घाटकोपरचे चंद्रप्रकाश आता दुसऱ्या कामाला लागणार होते आणि पॅच आत घ्यायचा अधिकार कुणाला तरी सोपवणार होते. तो आपल्यालाच मिळणार, हे ऋतिका धरून चालली होती. आईला, रत्नप्रभाला, तिने तसं सांगूनही टाकलं होतं.

आणि मध्येच ही गोराईची व्हॅलेन्सिया उगवली. समुद्रापेक्षा खाडीत आत पाणी उशिरा भरतं. अ‍ॅप मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवायचं आणि तिच्या वडिलांची, बर्नार्डची, होडी चिखलात रुतून बसायची. तिने दुरुस्ती पाठवली. ती चांगली होती, आणि हेच तर खरं दुखणं होतं. इतकी वर्षं त्या कोडशी झटून ऋतिकाला जे सुचलं नव्हतं, ते या बयेला घरबसल्या सुचलं होतं.

ऋतिकाने पॅच परत पाठवला. 'का' लिहिलेलं नाही. पुन्हा आला, तेव्हा चाचणी नाही. मग ओळींच्या शेवटी रिकाम्या जागा सुटल्यात. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण दुसऱ्या कुणाच्या पॅचमध्ये असल्या रिकाम्या जागा असत्या, तर हीच ऋतिका चहा पिता पिता स्वतः पुसून मोकळी झाली असती. नियम सगळ्यांना सारखे असतात, वाचणाऱ्याची नजर नसते.

व्हॅलेन्सियाने फोन केला. "सॉरी यार, परत चुकलं ना? तू सांगतेस म्हणून कळतं गं. आमच्या ऑफिसात कोडमध्ये कोण एवढं बघतंय!"

तिने भांडण काढलं असतं तर परवडलं असतं. या गोडव्याने ऋतिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवल्यावर तिने आणखी एक खोट शोधून काढली.

"त्या गोराईच्या चेडवान तुझो काय घोडो मारल्यान गो?" रत्नप्रभाने भाजी चिरता चिरता विचारलं. ऋतिकाने ती खोट लिहून पॅच परत पाठवून दिला.

निर्णय जवळ आला तसा ऋतिकाने स्वतःचाही एक दणदणीत पॅच रचून पाठवला. अ‍ॅप उघडल्यावर दिसणारा नवा पडदा, नवे रंग, शिवाय वेळेच्या गणितातही सुधारणा. चंद्रप्रकाशांचे डोळे दिपले पाहिजेत.

रविवारी चंद्रप्रकाशांनी सगळ्यांना घरी बोलावलं. ढोकळ्याची बशी पुढे करत ते म्हणाले, "ऋतिका, तू हिला एवढं घासून घेतलंस की शेवटच्या पॅचवर मला बोट ठेवायला जागा उरली नाही. पाणी तिला कळतंच, नियम आता तुझ्याइतकेच कळतात. म्हणून अधिकार व्हॅलेन्सियाला देतोय. तू नव्या लोकांना शिकव, ते तुझ्यासारखं कुणाला जमत नाही."

टाळ्या पडल्या. ऋतिकालाही वाजवाव्या लागल्या. आपल्याच हाताने आपण सवत सजवली, असं तिला वाटलं.

घरी येऊन लॅपटॉप उघडला, तर तिचा पॅच परत आला होता. खाली व्हॅलेन्सियाने लिहिलं होतं, "पडदा झकास गं! पण वेळेचं गणितही यातच बदललंयस. एका पॅचमध्ये एकच काम ना? दोन करून पाठव, लगेच घेते. कंटाळा आला तर सांग, मी बसते तुझ्याबरोबर."

ऋतिकाने ते पुन्हा पुन्हा वाचलं. टोमणा शोधला. एक जरी सापडला असता तरी तिला बरं वाटलं असतं. मी बसते तुझ्याबरोबर, हे तिने स्वतः त्या पोरीला एकदाही म्हटलं नव्हतं.

"काय गो, गावला काय तुका ता?" आईने अधिकाराचं हौसेने विचारलं.

"नाही," ऋतिका म्हणाली आणि आपला पॅच दोन भागांत कापायला बसली.