आडवं व्हायचं

संप नीट मोडला तर हवालदाराचं भलं होणार होतं. जमादाराची पट्टी मिळणार, फाटकावरच्या उन्हातल्या पहाऱ्यातून कायमची सुटका होणार, आणि ज्याच्यापुढे आजवर टाच आपटली त्याच्याच खुर्चीत ऐसपैस बसायला मिळणार. तुझ्या नाक्यावर जमाव हलला नाही तर तुझं नाव वर पाठवतो, असा साहेबांनी शब्द दिला होता. देशभरातले कारखाने, गाड्या, गोद्या बंद पडून सरकारच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अशा वेळी साहेब लोक शब्द जरा सढळ हातानं देतात.

पंचाईत एकच होती. धाकट्या बहिणीचा नवरा वर्कशॉपमध्ये फिटर, आणि संपात पुढच्या रांगेत. त्याचं डोकं फुटलं तर बहिणीला तोंड कसं दाखवायचं? म्हणून आदल्या संध्याकाळी तिच्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून हवालदारानं त्याला आतली गोष्ट सांगितली. पळणारा दिसला की पोलिसाचा हात आपोआप उठतो. खाली पडलेल्याला मात्र ओलांडून पुढे जायचं, हे कवायतीतच घोटून घेतलेलं असतं.

"भाऊजी, शिट्टी वाजली की पळू नका. सरळ आडवं व्हायचं. आणि हे तुमच्यापुरतं हं."

आता संपवाल्याला 'तुमच्यापुरतं' म्हणजे काय ते कुठून कळणार? फिटरनं अख्ख्या वर्कशॉपला सांगून टाकलं.

सकाळी हवालदार नाक्यावर येतो तो बाहेरगावाहून मागवलेले घोडेस्वार खोगिरं आवळत उभे. एका अंगाला वर्कशॉपची भिंत, दुसऱ्या अंगाला रुळांचं कुंपण आणि मध्ये चिंचोळी गल्ली. फिटर हाकेच्या अंतरावर होता. नुसतं 'पळा' म्हणायचा अवकाश. पण शेजारी साहेब उभे होते, आणि संपवाल्यांना सावध करणारा हवालदार जमादार होत नाही, घरी बसतो. घोडा काही माणसावर पाय देत नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि पट्ट्याचं बक्कल नीट करायला मान खाली घातली.

शिट्टी वाजली. पुढची रांग शिस्तीत आडवी झाली. पुढचे घोडे खरोखरच बिचकून थांबले. मागच्या स्वारांना काही दिसत नव्हतं, त्यांनी रेटलं.

साहेब खूश झाले. जमाव इतका जागच्या जागी राहिलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात फिटरच्या आईनं हवालदाराला पाहून बोटं मोडली, तशी बहीण सासूवरच उसळली. मग त्याच्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, तू तर नीट सांगितलं होतंस. हेच मध्ये उठले असतील. कुणाचं ऐकायची सवय होती का यांना?"

नाही म्हणायला हवालदार जरा घुटमळला.

"उठलेच ते," तो म्हणाला. "मी पाहिलं ना."

संप त्याच आठवड्यात मिटला. जमादारसाहेबांच्या घरी आता बहीणच राबते. त्यांचे बूट पुसता पुसता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की भावानं पुष्कळ केलं, नवऱ्यानंच ऐकलं नाही. फिटरचा जीव गेला, वर नावही गेलं. त्याच्या शेजारी पडलेल्या दोघांचे पाय गेले. म्हातारीचा मुलगा गेला आणि सून तुटली. भावाचं काही गेलं नाही.