गुणाबाईने आणलेला कप

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. चिनी मातीचा, पांढरा, काठाला निळी रेघ असलेला. माझी बशी कधीच फुटली आणि कानही आता राहिलेला नाही. सध्या सुकापूरच्या एका फ्लॅटमध्ये बेसिनवर माझा मुक्काम असतो आणि घरातले सगळे माझ्यात दात घासायचे ब्रश ठेवतात. असो. रडगाणं गाण्यासाठी मी तोंड उघडलेलं नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. जन्माने मी चहाचा कप, पण माझ्यातून आजवर एकाही माणसाने चहाचा घोट घेतलेला नाही. आणि तरीही माझ्याइतका मान पनवेलात फार थोड्या कपांना मिळाला असेल.

भट्टीतून बाहेर पडलो तेव्हा आम्ही सहा भावंडं होतो. पेंढ्यात गुंडाळून आम्हाला पनवेलला धाडलं, त्यात पाच जण वाटेतच फुटले. एकट्या कपाला गिऱ्हाईक कुठलं? दुकानाच्या वरच्या फळीवर दोन वर्षं धूळ खात बसलो. मग एकसष्ट सालच्या जानेवारीत एक बाई दुकानाच्या पायरीशी आली. काठपदराचं लुगडं, हातापायांना मिठागरातल्या कामाने पडलेल्या भेगा. ती म्हणाली, "शेठ, एकच कप द्या. पावना एकच हाय."

ही गुणाबाई. पनवेलच्या खाडीकाठी तिच्या नवऱ्याचं, बुधाजीचं, मिठागर होतं. माझी किंमत विचारताना तिने दोनदा पदर सारखा केला आणि घरी नेताना मला ओच्यात धरून नेलं. कोणी मला असं जपेल असं मला वाटलंच नव्हतं.

आता पाहुणा कोण ते सांगतो. अमेरिकेतून मॉर्मन पंथाचे दोन तरुण पनवेलला येऊन राहिले होते. देवाचं काम करायला घरदार सोडून अडीच वर्षं परमुलखात राहायचं, असा त्यांच्याकडे नेम असतो. एकट्याने कुठे जायचं नाही, जोडीनेच जायचं, हाही नेमच. त्यातला एक पिअर्स आणि दुसरा आपला हॅन्सन. वय वर्षं वीस, ओठावर धड मिसरूड नाही, आणि या दोघांना म्हणायचं 'एल्डर', म्हणजे वडीलधारे! पांढरा सदरा, काळा टाय आणि सायकल. खाडीवरच्या बांधावरून जाताना हॅन्सनने मिठाचे वाफे पाहिले आणि तो सायकलवरून उडीच मारून उतरला. त्याच्या गावाजवळही एक मोठं खारं तळं होतं आणि त्याचा बाप मीठच काढायचा. बाह्या सरसावून त्याने बुधाजीच्या हातातलं लांब दांड्याचं फावडं घेतलं आणि सराईतासारखं मीठ ओढायला लागला. बुधाजीला पोरगा तिथेच आवडला. तेव्हापासून दर सोमवारी, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, हॅन्सन आगरात यायचा आणि पिअर्स बापडा बांधावरच बसून पुस्तक वाचायचा आणि आपला डबा खायचा.

पहिल्या सोमवारी गुणाबाईने त्याला जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पेल्यात गुळाचा चहा दिला होता. तो "नको" म्हणाला. गुणाबाईला वाटलं, साहेबाला पोचे पडलेला पेला कसा चालेल? म्हणून तिने मला आणलं.

पुढच्या सोमवारी दुपारी सगळे जेवायला बसले. हॅन्सनने मांडी घालून माशाचं कालवण खाल्लं. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी त्याने पानात काही टाकलं नाही. गुणाबाई मात्र कोरडी भाकरी आणि वेगळं काढलेलं अळणी वरण खात होती. हॅन्सनने मालूला विचारलं, "मावशी मीठ नाही?"

मालू ही गुणाबाईची मुलगी. ती म्हणाली, "माजा आनंदादादा बोटीवर कामाला गेलाय. तो घरी येस्तवर आय सोमवारी मीठ खानार नाय. देवाला बोललीय ती."

ज्या घराच्या मागे मिठाच्या राशी, त्या घरच्या बाईच्या ताटात मीठ नाही. हॅन्सन बराच वेळ गुणाबाईच्या ताटाकडे बघत राहिला. मग मी आलो. गुणाबाईने मला दोनदा घासलं होतं. काठोकाठ चहा भरून तिने मला त्याच्यासमोर ठेवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो पहिला चहा! माझ्या अंगावरून गरम वाफ निघत होती आणि मी वाट बघत होतो. हॅन्सनने मान हलवली. "नको, मावशी. चहा चांगला नाही."

त्याच्या पंथात चहा, कॉफी, दारू, तंबाखू यांना हात लावत नाहीत, हे त्याला सांगायचं होतं. पण मराठी शिकवणाऱ्या पंडितांकडे शिकलेली चाळीस-पन्नास वाक्यं, त्यात हे कुठून असणार? गुणाबाईचा चेहरा उतरला. बुधाजीचा त्याहून. पेठेतल्या मोठ्या घरांच्या पायरीखाली उभं राहण्यात त्याचा जन्म गेला होता. तो खालच्या आवाजात बायकोला म्हणाला, "लाजंकाजं जेवला, पन आमच्या हातचा च्या वायट म्हनतो. मंग फावडं कशाला धरतो? पुना बोलवू नको."

गुणाबाईने चहा ओतून टाकला, मला विसळलं आणि हॅन्सनपुढे केलं. "घेऊन जा हा. तुज्यासाठीच आनलेला. आमाला काय करायचाय?" तिने तोंड फिरवलं होतं. आणि आमचा शहाणा काय करतो? दोन्ही हातांनी मला घेतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि म्हणतो, "धन्यवाद, मावशी!" त्याला वाटलं, भेट दिली! मला हसावं की रडावं कळेना.

असा मी पेठेत, त्या दोघांच्या माडीवरच्या खोलीत राहायला गेलो. तिथे मी त्यांचे दिवस पाहिले. उजाडायच्या आत उठायचे आणि आपापल्या खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना करायचे. मग उकळलेलं पाणी पिऊन पुस्तक उघडायचं, सदरे धुवायचे, टाय बांधायचा आणि निघायचं. दिवसभर दारोदार. कोणी पाणी द्यायचं, कोणी दार लावून घ्यायचं, कोणी तासभर बसवून स्वतःच्याच देवाच्या गोष्टी सांगायचं. यांचं ऐकून यांच्या पंथात यायला कोणी तयार होत नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघे कडक उपास करायचे आणि वाचलेलं अन्न कुणा उपाशी माणसाला द्यायचे. आठवड्यातून एकदा हॅन्सन आईला पत्र लिहायचा. लिहिताना मला शेजारी ठेवायचा आणि माझ्यातून पाणी प्यायचा.

सोमवारी तो आगरात जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. बुधाजी त्याच्याशी बोलत नव्हता, फावडंही देत नव्हता. आपलं काय चुकलं हे त्या पोराला उमगत नव्हतं. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत 'बुधाजी' आणि 'गुणाबाई' ही दोन नावं मला बरोबर ऐकू यायची. फार वाईट वाटायचं हो. मला सगळं ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका सोमवारी हॅन्सनने मला पिशवीत घातलं. गुणाबाईला दाखवायचं होतं, बघ, तुझी भेट मी किती जपली आहे. पिअर्सला घेऊन तो सरळ घरात शिरला, तर ओटीवर माणसं बसलेली. नेरे गावाहून मालूला बघायला आली होती. मुलाचे काका काशीराम हे त्यातले कर्ते. मालूने तो मुलगा जत्रेत पाहिला होता आणि तिच्या मनात तो भरला होता, हे तिच्या आईला माहीत होतं. सगळं जमत आलं होतं. आता चहा घ्यायचा आणि होकार द्यायचा, एवढंच बाकी. दारात आलेल्या माणसाला परत कसं धाडायचं, म्हणून बुधाजीने दोघांना बसायला सांगितलं.

हॅन्सनने मोठ्या हौसेने मला पिशवीतून काढलं आणि समोर ठेवलं. मालू किटली घेऊन आली. घाबरलेल्या पोरीने समोर दिसेल त्या भांड्यात चहा ओतला, माझ्यातही ओतला. हॅन्सन लालबुंद झाला आणि म्हणाला, "नको."

काशीरामांनी आपला पेला खाली ठेवला. "बुधाजी, हा गोरा किती दिस येतो तुज्याकडं?"

"चार म्हैनं झालं."

"चार म्हैनं येतो आनि तुज्या घरचा च्या पीत नाय? भांडं बी सोताचं आनतो? कायतरी ठाव असल त्याला. आमाला नको का समजाया?"

बुधाजीची मान खाली गेली. मालू किटली धरून तशीच उभी राहिली, तिचा चेहरा रडवेला झाला. हॅन्सनला सगळे शब्द कळले नसतील, पण मालूचा चेहरा त्याला कळला. त्याने मला उचललं. खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो, पी रे बाबा. एक घोट. तुझ्या गावात कोणाला कळणार आहे? पोरीचं लग्न मोडतंय.

त्याने मला ओठांपर्यंत नेलं. मग त्याची नजर गुणाबाईवर गेली आणि त्याने मला खाली ठेवलं.

"मावशी आज मीठ नाही," तो एकेक शब्द शोधत म्हणाला. "घरात मीठ पुष्कळ. तरी नाही. देवाला शब्द. मी चहा नाही. रोज नाही. मी पण देवाला शब्द. चहा चांगला. मावशी चांगली. कप मावशीने दिला."

गुणाबाईने दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाय माजे! नेम हाय पोराचा! आनि मी त्याला भांडं हातात देऊन घालवला!"

बुधाजी उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. सगळ्यांना वाटलं, रागाने गेला. पण तो परत आला तेव्हा त्याची मूठ झाकलेली होती. मुठीत नव्या राशीतलं जाडं मीठ होतं. त्याने माझ्यातला चहा अंगणात ओतला, चुलीवरच्या मडक्यातली भाताची पेज माझ्यात भरली आणि आपल्या हाताने तीत चिमूटभर मीठ टाकलं.

"हा च्या नाय. पेज हाय. पी."

हॅन्सन प्यायला. तळाशी राहिलेलं शीतही त्याने सोडलं नाही. चहाचा कप मी, आणि माझं बारसं झालं ते पेजेने! पण त्या क्षणी मला जे वाटलं ते दार्जिलिंगच्या चहानेही वाटलं नसतं.

बुधाजीने मला उलटं करून दाखवलं. "पावनं, माज्या आगराचं मीठ खाल्लं यानं. आता बोला."

काशीराम रिकाम्या कपाकडे बघून हसले. "मीठ खाल्लं म्हंजे घरचा झाला. मंग आमी कशाला मागं राहायचं?" त्यांनी आपला पेला उचलला आणि एका दमात संपवला. मालू आत पळाली.

वैशाखात तिचं लग्न झालं. वरातीत टाय बांधलेले दोन गोरे करवले होते, हे नेऱ्यात पुष्कळ वर्षं सांगत असत. मी पुन्हा गुणाबाईच्या फळीवर आलो आणि दर सोमवारी माझ्यात पेज पडू लागली. पावसाळ्यात आगर बंद झालं तरी हॅन्सन यायचा. बासष्ट साल संपता संपता त्याची मुदत भरली आणि तो निरोप घ्यायला आला.

त्या दिवशी पेज तशीच निवून गेली. तो माझ्याकडे बघत बसला होता. आता त्याला मराठी चांगलं येत होतं, पण तेव्हा त्याला धड बोलता येईना. "बाबा, मी दोन वर्षं इथे फिरलो. हजार दारं वाजवली. माझ्या पंथात एकही माणूस आला नाही. तुम्हीसुद्धा नाही. मला ज्यासाठी धाडलं ते झालं नाही. आता मी देवाला काय सांगू?" आणि तो ओंजळीत तोंड घालून रडला. आईला पत्र लिहिताना तो कित्येकदा थांबायचा, ते यासाठी, हे मला तेव्हा कळलं.

बुधाजीला देवाधर्माचं मोठं बोलता येत नसे. त्याने आपला खरखरीत हात पोराच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाला, "सांग त्याला, पनवेलच्या खाडीवर माजं एक घर हाय म्हनून. तेवडं पुरं हाय."

हॅन्सन गेला. त्यानंतर गुणाबाईने मला कोणाला चहासाठी वापरू दिलं नाही. पुढे ती थकली आणि तिने मला मालूच्या हवाली केलं. मालू आता नाही, आणि तिच्या नातवंडांना मी कोण ते माहीत नाही. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलं नाही. म्हणून आज मी तुम्हाला सांगतोय. घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिची गोष्ट माहीत असलेलं कोणी माणूस आहे का ते बघा आणि ते आहे तोवर त्याला विचारून घ्या. आणि मित्रांनो, दारी आलेला माणूस तुमच्या घरचं काही नको म्हणाला, तर तोंड फिरवू नका. त्याने कुणाला तरी शब्द दिलेला असेल. त्याला काय चालतं ते विचारा आणि ते आपल्या हाताने वाढा.