पट्टीत न बसलेला मासा

धाकटीने गेल्या वर्षी सख्ख्या भावाचीच गळाची काठी जप्त केली, आणि तेव्हापासून दादा तिच्याशी बोलत नव्हता.

धाकटी तलावावर रक्षक होती. गळ टाकायला येणाऱ्या हौशी लोकांचे परवाने तपासायचे, कोणी दोनपेक्षा जास्त काठ्या लावल्या असतील तर उचलायला लावायच्या, लहान पिल्लं डब्यात सापडली की परत पाण्यात सोडायला लावायची, हे तिचं काम. ओढा तलावाला मिळतो तिथल्या उथळ पाण्यात मासे अंडी घालायला येतात, म्हणून विणीच्या दिवसांत त्या बाजूला गळ टाकायला बंदी असते. तशी पाटीही होती. दादा नेमका त्या पाटीलाच पाठ टेकून, टोपी डोळ्यांवर ओढून निवांत बसलेला तिला सापडला होता.

एकटा असता तर तिने चार शब्द सुनावून उठवलं असतं. पण तिने आदल्याच दिवशी तिथून हाकललेली मंडळी काठावर उभी राहून बघत होती, आता ताई काय करतात म्हणून. तिने काठी घेतली आणि त्या हंगामापुरता परवाना रद्द केला. दादाने घडीची खुर्ची काखेत मारली आणि चालता झाला.

आई दादाकडेच राहायची. घराच्या खाली दादाचं सोफे शिवायचं दुकान होतं. धाकटी आईला भेटायला यायची ती दुपारची, गिऱ्हाइकांच्या गर्दीत दादा वर फिरकायचा नाही तेव्हा. वहिनी चहा पुढे करता करता वैतागायची. "तुमचं, दादाला सांगा आईचं औषध आणलंय; त्यांचं, हिला सांग आईचे डोळे तपासायचेत. तुम्हा दोघांच्या मध्ये माझं पोस्ट ऑफिस झालंय नुसतं."

"थांब, मीच घालते त्याला गळ," आई म्हणायची.

"घाल बाई. त्याला परवाना लागत नाही," धाकटी म्हणायची. हसायची, पण घरी जाताना दुकानासमोर तिची पावलं रेंगाळायची. लहानपणी गळाला गांडूळ लावायला तिला दादानेच शिकवलं होतं.

नवा हंगाम सुरू झाला. एके सकाळी ती फेरीवरून कार्यालयात परतली तर कारकून म्हणाला, "तुमचे बंधू येऊन गेले. परवाना नवा करून घेतला, काठीही सोडवून नेली. ताई बाहेर आहेत ना, हे आधी दारातून विचारलं आणि मगच आत आले."

तिने नुसतं "बरं" म्हटलं आणि रजिस्टर उगाचच या बाजूचं त्या बाजूला ठेवलं.

त्यानंतरच्या रविवारी ती होडी घेऊन तलावाच्या मधोमध होती. पलीकडच्या दगडी पायऱ्यांवर घोळका जमलेला दिसला. मध्ये एक जण मागे झुकून उभा होता आणि त्याच्या हातातली काठी पार कमानीसारखी वाकली होती. इतक्या लांबूनही तिने दादाला ओळखलं. जड सामान उचलतानाही तो असाच उभा राहायचा, एक पाय पुढे आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात.

मासा मोठा होता. पाण्यावर त्याची शेपटी एकदाच आपटली आणि तेवढ्यावरून धाकटीला त्याच्या लांबीचा अंदाज आला.

तलावाचा नियम असा होता की मापाच्या पट्टीपेक्षा लांब मासा कोणी न्यायचा नाही. तेवढ्या वाढलेल्या बहुतेक माद्या असतात आणि पुढच्या वर्षीची पिल्लं त्यांच्याच गाभोळीतून यायची असतात. पण गळ टाकणाऱ्याच्या सगळ्या जन्मात असा मासा एखादाच लागतो, आणि नेमका तोच सोडून द्यायचा! भलेभले तिथे घसरलेले तिने पाहिले होते. दादाने तो पिशवीत घातला, तर नियम मोडण्याची ही त्याची दुसरी खेप ठरणार होती. दुसऱ्या खेपेला परवाना कायमचा जातो. मग अबोलाही कायमचाच.

तिने वल्ही थांबवली. आधी अलीकडचा काठ तपासला असता तरी कोणी काही विचारलं नसतं. ती पोचेपर्यंत पायऱ्या रिकाम्या झाल्या असत्या. न बघितलेल्या माशाचं माप कोण घेणार? होडीचं तोंड तिने थोडं वळवलंसुद्धा.

मग स्वतःशीच "काय माणूस आहे हा!" असं पुटपुटली आणि होडी पुन्हा पायऱ्यांकडे घेतली.

पाण्यावरून आवाज स्पष्ट येतो. दर रविवारी येणारा गॅरेजवाला दादाला सांगत होता, "गोणीत घाला आणि निघा लवकर. ताई यायच्या आत!"

दादाने मान वर करून तलावाकडे बघितलं.

"ए बाई!" दादा ओरडला. "पट्टी आण इकडे! आणि जरा हात चालव, झोपलीस काय तिथे?"

वर्षभरातलं त्याचं ते पहिलं वाक्य. धाकटीचा जीव भांड्यात पडला. वल्ह्यांचं पाणी अंगावर उडत होतं, त्यात डोळ्यांतलं कुठलं आणि तलावातलं कुठलं ते कोणाला कळलं नसतं.

मासा हातजाळीत होता आणि जाळी दादाने पाण्यातच धरून ठेवली होती. गुडघ्यापर्यंत पँट भिजली होती. तिने हात ओले केले, पाण्यातच पट्टी लावली. पट्टी संपली तरी शेपूट उरलं.

"बसतोय?" दादाने विचारलं.

"नाही बसत."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. चांगला वीतभर बाहेर आहे."

कडू औषध घ्यावं तसं तोंड करून दादा म्हणाला, "मग सोडू या."

गॅरेजवाल्याने कपाळावर हात मारला. धाकटीने गळाकडे बोट दाखवलं. "उलट्या काट्याचा नाही ना? तो काढताना जबडा फाटतो."

"दुकानात कानस मारून सगळे काटे काढलेत. तुझ्या तोंडी कोण लागणार!"

गळ जबड्याच्या कोपऱ्यात आत रुतला होता. सोफ्याच्या वाकड्या सुया चालवणारी त्याची बोटं. त्याने एक हलका वळसा दिला आणि गळ अलगद सुटून आला. पण जाळी खाली करताच मासा आडवा झाला. पांढरं पोट वर आलं.

"मेला का गं?" दादाचा आवाज एकदम बारीक झाला.

"दमलाय. पोटाखाली हात घाल, सरळ धर. दाबू नकोस."

ती होडीतून उतरून त्याच्या शेजारी पाण्यात उभी राहिली. दोघांनी मिळून मासा सरळ धरला. कल्ले हलले असं वाटायचं, पुन्हा थांबायचे.

"राग केव्हाच गेला होता," माशावरची नजर न काढता तो म्हणाला. "चूक माझीच होती. पण इतके दिवस न बोलता काढल्यावर सुरुवात कुठून करायची तेच सुचेना. एकदा वाटलं, तुझ्या सोफ्याचं विचारावं. बसकला असेल एव्हाना."

"बसकलाय. स्प्रिंग टोचते."

"मग सांगायचं नाही?"

"कोणाला सांगू? दार लावून बसला होतास."

"मी लावलं होतं, कडी नव्हती घातली."

तेवढ्यात हाताखाली काहीतरी ताठ झालं. कल्ले उघडले, मिटले, पुन्हा उघडले. माशाने अंग एकदा वळवलं, शेपटीचा असा तडाखा दिला की दोघंही डोक्यापासून भिजली, आणि तो गेला. हिरव्या पाण्यात थोडा वेळ काळी सावली दिसली. मग तीही दिसेनाशी झाली.

दादा धपकन पायरीवर बसला आणि हसत सुटला. गॅरेजवालासुद्धा हसायला लागला. धाकटीही दादाच्या शेजारी बसली. आपले खांदे इतके दिवस आखडलेले होते, हे ते सैल पडल्यावर तिला कळलं.

संध्याकाळी तिचं काम संपलं तेव्हा दादा तलावाच्या फाटकाशी थांबलेलाच होता. घरी वहिनीने दार उघडलं, दोघांच्या अजून ओलसर कपड्यांकडे बघितलं.

"मासा कुठाय?"

"सोडला," दादा म्हणाला. "हिला आणलंय."

आईने आणखी एक ताट मांडलं.

जेवताना दादाने माशाची गोष्ट सांगितली. आईला सांगितली तेव्हा मासा हातभर लांब होता. शेजारी मीठ मागायला आले तोवर दारात मावेनासा झाला. शेजाऱ्यांनी धाकटीकडे वळून विचारलं, "काय हो, खरंच एवढा होता?"

"मी स्वतः बघितलाय," धाकटी म्हणाली आणि दुसरी पोळी वाढून घेतली.